पोत्यातल्या बारा दोऱ्या

ताडपत्रीच्या कामात निम्मा वेळ ती नीट पसरण्यात जातो आणि उरलेला निम्मा थोरलीचं बोलणं ऐकण्यात. धाकटीला नऊ वर्षांत दोन्हीची सवय झाली होती. थोरली म्हणजे तिची सासू. ताडपत्र्या भाड्याने जात त्या गोदामात दोघींना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, जणू दोघी जावाच. धाकटीला त्यात काही वाटत नसे. थोरलीला मात्र बरं वाटे, कारण त्या हाकेत तिची वीसेक वर्षं गळून पडत.

आणि दोघींच्या मध्ये जो होता, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, त्याला साहजिकच सगळे मधला म्हणत. मधला जाऊन चार महिने झाले होते.

त्यानंतरचं हे पहिलंच काम. एका बंद पडलेल्या बसडेपोच्या आवारात रोपांची विक्री होती, आणि रोपांवर सावली हवी होती. आवार अर्धं मातीचं, अर्धं सिमेंटचं. रोपवाला सकाळी सातपासून येऊन बसला होता. चारशे रोपं ट्रेमध्ये ओळीने मांडून तो एकेकाच्या पानाखाली बोट घालून बघत होता, आणि दर दहा मिनिटांनी येऊन सांगत होता की दहाच्या आत सावली झाली पाहिजे. गिऱ्हाइकांचं काही नाही, ती उन्हात उभी राहतील, त्यांना पाय आहेत, रोपांचं काय. एरवी अशा माणसाला थोरलीने चांगलं फैलावर घेतलं असतं. आज ती नुसती "होईल" म्हणाली आणि खुंट्यांची पिशवी उलटी करून मोजायला बसली.

धाकटी ताडपत्रीचं टोक धरून उभी होती. उभं राहणं तिला चार महिन्यांत चांगलं जमायला लागलं होतं. सांगितलं तर ती बसे, सांगितलं तर उठे. ती रडली नव्हती. लोक भेटायला यायचे, तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि ती त्यांच्यासाठी चहा ठेवायची. जाताना एखादी बाई थोरलीला दारात हळूच सांगायची, हिला रडवा, नाहीतर आत साठून राहील. थोरली म्हणायची, मी काय पंप लावू? मग ती बाई चप्पल शोधायला लागायची.

खरं तर धाकटीच्या आत काही साठलेलंही नव्हतं. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गालाचं जसं होतं, आपलाच गाल आणि आपल्यालाच परका, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. जिभेलाही चव नव्हती. जेवणात मीठ दोनदा पडायचं आणि तिला पत्ता नसायचा. थोरली ते निमूट खाऊन घ्यायची. थोरली मिठाबद्दल अवाक्षर बोलत नाही, याचं तरी धाकटीला नवल वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

एकच गोष्ट तिच्यात जागी होती. एक प्रश्न होता, आणि तो सकाळी तिच्या आधी उठायचा. गाठ कुणाची सुटली?

चार महिन्यांपूर्वी एका मैदानात जुन्या फर्निचरच्या विक्रीसाठी त्यांनी ताडपत्री उभारली होती. बारा दोऱ्या, बारा खुंट्या. यांच्या कामाची वाटणी ठरलेली होती. पुढच्या चार दोऱ्या निळ्या, त्या धाकटीच्या. मागच्या चार पांढऱ्या, त्या थोरलीच्या. दोन्ही अंगांच्या मिळून चार पिवळ्या, त्या मधल्याच्या. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, म्हणजे सैल निघाली तर कुणाचा कान धरायचा ते कळतं. दुपारी मधला शिडी लावून मधल्या खांबाचा टोप नीट करत होता. थोरली गाडीपाशी उरलेल्या खुंट्या मोजत होती. धाकटी नळावर हात धूत होती. वारा आला, कोपरा उठला, ताडपत्री पोटात हवा भरून वर गेली आणि खांब, शिडी, माणूस सगळं घेऊन खाली आली. खाली मैदानातला सिमेंटचा ओटा होता. लोकांनी त्याला बाहेर काढायला हाताला लागेल त्याने दोऱ्या कापल्या; कुणी विळ्याने, कुणी बोथट सुरीने, एकाने तर फुटक्या बाटलीच्या काचेने. मागाहून गाडीवाल्याने दोऱ्या, खुंट्या, सगळं एका पोत्यात कोंबून घरी आणून टाकलं.

चौकशीला एक माणूस आला होता. त्याने वहीत "जोराचा वारा" असं लिहिलं आणि पेनचं टोपण लावलं. पण वारा सगळ्यांच्याच गाठींवर येतो. नीट मारलेली गाठ वाऱ्याने सुटत नाही, आवळते. हे त्या माणसाला कळायचं कारण नव्हतं. घरातल्या दोघींना कळत होतं, आणि म्हणूनच दोघी त्यावर एक शब्द बोलत नव्हत्या.

त्या दिवशी गाठ मारल्यावर प्रत्येक दोरीला लटकून बघितल्याचं धाकटीला आठवत होतं. पहिलीला लटकली होती, दुसरीला, तिसरीला. चौथी मारताना मधला काहीतरी बोलला होता आणि तिला हसू फुटलं होतं. काय बोलला ते आठवत नव्हतं. हसल्याचं आठवत होतं. चौथीला लटकली की नाही, ते आठवत नव्हतं.

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. गाठ आपली असेल तर या घरात राहायचं नाही. ज्या बाईचा मुलगा आपल्या हातून गेला तिच्यासमोर रोज ताट वाढून बसायचं, हे होणार नाही. भावाच्या कारखान्यात खोकी भरण्याचं काम होतं, भाऊ जागा धरून बसला होता, आणि आज संध्याकाळपर्यंत त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं. खोक्यांना चिकटपट्टी लावतात. गाठ मारावी लागत नाही.

पण असेल तर, आणि नसेल तर, हे ठरवणार कोण? ते सांगू शकेल असं जगात एकच होतं, ते पोतं. धरलेली गाठ दोरी कापली तरी गाठच राहते, खुंटीवरून नुसती सरकवून काढता येते. सुटलेली गाठ म्हणजे नुसती लांब दोरी. पोतं उघडून मोजलं की झालं. पण पोतं थोरलीने माळ्यावर टाकलं होतं, पुढे दोन गाद्या लावल्या होत्या आणि बजावलं होतं की त्याला कुणी हात लावायचा नाही. धाकटीने लावलाही नव्हता. उघडायची हिंमत नव्हती, आणि उघडलं नाही म्हणून झोप नव्हती.

"समोरची बाजू बांधून घे," थोरली खुंट्यांवरून उठत म्हणाली.

धाकटी म्हणाली की ती खांब धरते, दोऱ्या थोरलीनेच बांधाव्यात, सगळ्या बारा. थोरलीने कंबरेवर हात ठेवले. म्हणाली, माझं वय काय, खुंट्या किती, याचा काही हिशोब? का मला इथेच गाडायचा विचार आहे, रोपांबरोबर? मग जरा खालच्या आवाजात, "बांध गं. हात विसरतात."

धाकटी पहिल्या खुंटीपाशी खाली बसली. निळी दोरी खुंटीला वळसा घालून मागे आणली आणि तिच्याच अंगावर वेढे द्यायला लागली. आतून दोन, बाहेरून एक. घरात या गाठीला चढती म्हणत. हाताने ढकलली की दोरीवर वर चढते आणि ताण येतो. ताडपत्रीने ओढली की जागच्या जागी रुतून बसते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मधल्याने तिला ती खुर्चीच्या पायावर शिकवली होती. तो समोर बसला होता आणि ती त्याच्या हातांकडे बघत तसंच्या तसं करत गेली होती, त्यामुळे तिचे वेढे सगळे उलट्या बाजूने पडत. माय-लेकाची गाठ उजवीकडे फिरे, हिची डावीकडे. थोरलीने वर्षभर तिला सरळ करायचा प्रयत्न केला, गाठीला आणि सुनेला दोघींना. शेवटी मधला म्हणाला, धरते ना? मग झालं. दुसरी खोड शेपटीची. गाठ मारून झाल्यावर धाकटी दोरीचं टोक वीतभर तसंच लोंबतं सोडून देई. थोरलीला ते बघवत नसे. तिच्या प्रत्येक दोरीच्या शेपटीला टोकाशी जोंधळ्याएवढी बारीक गाठ असायची, उसवू नये म्हणून. उघडं भांडं आणि उघडी शेपटी तिला सारखीच बोचे.

हात विसरले नव्हते. गाठ बसली. धाकटी तिला लटकली, आणि मग तिने ती सोडली. पुन्हा मारली, पुन्हा लटकली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा रोपवाला मागे येऊन उभा होता. त्याने विचारलं, सराव चाललाय का? धाकटीने मान हलवली. तो म्हणाला, सराव घरून करून यायचा असतो, आणि आपल्या मिरचीच्या रोपांकडे निघून गेला.

तेवढ्यात सिमेंटच्या बाजूची अडचण पुढे आली. तिथे खुंटी शिरेना, त्यामुळे दोऱ्या पलीकडच्या लोखंडी कठड्यापर्यंत न्यायला हव्या होत्या, आणि दोन दोऱ्या हात-हातभर कमी पडत होत्या. जोड द्यायला तुकडे हवे होते. थोरली कठड्याला टेकून त्या आखूड दोऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "गाडीत सीटखाली पोतं आहे. त्यात तुकडे आहेत. बघ त्यातले लागतात का."

धाकटीला वाटलं, दुसरं कुठलं तरी पोतं असेल.

गाडीवाल्याला सगळे सावकाश म्हणत, कारण तो जाताना सावकाश जाई, येताना सावकाश येई आणि मधे विचारलं तर उत्तरही त्याच चालीने देई. तो गाडीच्या पायरीवर बसून दात कोरत होता. पोतं विचारल्यावर आधी दात कोरणं पुरं केलं, मग उठला, आणि सीटखालून जे ओढून काढलं ते माळ्यावरचंच पोतं होतं. तीच निळी शिवण, तोच खालचा डाग. थोरल्या मावशीनेच सकाळी ठेवलं, तो म्हणाला, स्वतः उचलून आणलं, मला हात लावू दिला नाही. मग त्याला काहीतरी समजल्यासारखं झालं आणि, जरा पाय मोकळे करून येतो, असं सांगून तो निघून गेला. या वेळी मात्र भराभर.

धाकटीने पोत्याचं तोंड सोडलं आणि ते गाडीच्या मागच्या फळीवर ओतलं.

पिवळे तुकडे तिने आधी वेगळे केले. चार होते. चारही गाठींत आतून दोनच्या ठिकाणी तीन वेढे. तिसऱ्याची गरज नसते. मधला म्हणायचा, तिसरा ताडपत्रीसाठी नाही, माझ्या झोपेसाठी आहे. तिला वाटलं होतं की हे तुकडे हातात आले की काहीतरी होईल. काही झालं नाही. चार तुकडे होते, ते तिने बाजूला ठेवले.

मग पांढरे. चार. चारही शेपट्यांना जोंधळ्याएवढी गाठ. त्यांवरून तिने नुसती नजर फिरवली आणि ते पिवळ्यांच्या शेजारी सारले.

आता निळे. एक. दोन. तीन. तिने तिसरा फळीवर ठेवला आणि ढिगात हात घातला. हाताला खुंटी लागली, दुसरी खुंटी लागली, मग दोरी. बाहेर ओढली. तुकडा होता. गाठ होती. वेढे डावीकडे फिरलेले.

चार.

तिने पुन्हा मोजले. शेजारी मांडून मोजले. चार निळे, चार पांढरे, चार पिवळे, बाराच्या बारा गाठी शाबूत. म्हणजे गाठ सुटलीच नव्हती. मातीतून खुंटी उपटली असेल, ताडपत्रीचं कडं फाटलं असेल, काहीही झालं असेल. त्या वहीवाल्याने खरं तेच लिहिलं होतं.

ती फळीच्या कडेवर टेकली. आनंद वगैरे झाला नाही. फक्त थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिला भूक लागली आहे. साधी, सकाळी काही न खाता निघालेल्या माणसाला लागते तशी. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच लागली होती. ती जरा वेळ त्या भुकेसोबत बसून राहिली.

काम खोळंबलं होतं. जोडाला तुकडे हवे होते म्हणून तिने वरचाच निळा उचलला, चौथा, आणि सोडण्यासाठी शेपटी पकडली. बोटाला टोकाशी काहीतरी टोचलं. जोंधळ्याएवढी बारीक गाठ.

तिने तो तुकडा उलटा केला. दुसरं टोक बघितलं, जिथे दोरी कापली होती. बाकीच्या निळ्यांची टोकं फाटून पिंजारलेली होती, एकाचं तर केसांच्या गुंत्यासारखं झालं होतं. याचं टोक सरळ, स्वच्छ. कात्रीने कापल्यासारखं. त्या दिवशी मैदानात कुणाकडे कात्री नव्हती.

सगळं समजायला तिला फार वेळ लागला नाही. ही दोरी लांबच्या लांब, अख्खी निघाली होती. कुणीतरी ती घरी बसून कापली होती, तिला डावीकडचे वेढे दिले होते, शेपटीही वीतभर लांब सोडली होती, सगळं अगदी धाकटीसारखं. फक्त शेवटी हाताला राहवलं नव्हतं. आणि ते पोतं आज सकाळी स्वतःच्या हाताने उचलून गाडीत ठेवलं होतं, आणि दोऱ्या कमी पडल्यावर सांगितलं होतं, त्यात बघ.

भूक गेली. जशी आली तशी गेली.

थोरली मातीच्या बाजूला खुंटी ठोकत होती. धाकटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तुकडा पुढे धरला.

"आई, ही गाठ माझी नाही."

थोरलीने आणखी दोन घाव घातले. मग विचारलं, कशावरून.

"शेपटी बघा ना. मी कधी बांधलीय शेपटी?"

थोरलीने तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्या बारीक गाठीवरून अंगठा फिरवला. चोरी पकडली गेल्यासारखी ती दिसली नाही. मन लावून केलेल्या शिवणात एक टाका चुकलेला दिसावा तशी दिसली.

"मेला हात," ती म्हणाली. "एवढं सगळं केलं आणि शेवटी आपल्या वळणावर गेला."

थोरली खुंटीशेजारी मातीतच बसली, गुडघे एकेक करून दुमडत. आणि मग तिने सांगितलं, हातोडीने मातीत रेघा ओढत, धाकटीकडे न बघता. मधला गेल्यावर दोनेक आठवड्यांनी, धाकटी दवाखान्यातून कागद आणायला गेली होती त्या दिवशी, तिने माळ्यावरून पोतं काढलं होतं. तिलाही मोजायचंच होतं. तिलाही झोप नव्हती.

"दोन दोऱ्या अख्ख्या निघाल्या," थोरली म्हणाली. "एक निळी, एक पांढरी. एक तुझी, एक माझी."

"आधी कुठली सुटली?"

"ते मी कसं सांगू? मी खुंट्या मोजत होते, तू नळावर होतीस."

"खरं सांगा, आई."

"खरंच सांगतेय. दोन होत्या." थोरलीने हातोडी खाली ठेवली. "माझी मारायला मिनिट लागलं नाही. तुझ्यापायी तीन दिवस गेले. उलटं फिरवायला गेले की हात सरळच फिरायचा. शेवटी कपाटाच्या आरशासमोर बसले. आरशात माझी दिसली की समजायचं, तुझी झाली."

धाकटीच्या डोळ्यांपुढे ते आलं. कपाटाचा तो अर्धा डाग पडलेला आरसा, त्यासमोर मांडी घालून बसलेली थोरली, खुंटी नाही म्हणून खुर्चीचा पाय ओढून घेतलेला. दाराची कडी लावलेली असणार. कुणाची चाहूल लागली की दोरी पदराखाली जात असणार. तीन दिवस.

"पण कशाला?" तिने विचारलं.

"तू मीठ दोनदा घालतेस," थोरली म्हणाली. "मला रक्तदाब आहे."

धाकटी हसली नाही. थोरलीही हसली नाही. ते हसण्यासाठी म्हटलेलंच नव्हतं.

मग थोरलीने सांगितलं की चारदा पोतं खाली आणलं आणि चारदा परत ठेवलं. तुला बोलून काही पटलं नसतं, म्हणाली, तू हो हो केलं असतंस आणि चहा ठेवायला गेली असतीस. डोळ्यांनी दिसलं असतं तर पटलं असतं. भावाचा फोन आलेला मी ऐकलाय. जायचं तर जा, मी आडवी येणार नाही. पण त्या एका दोरीचं ओझं घेऊन जाऊ नकोस, एवढंच. एवढं बोलून ती थांबली आणि कानामागे अडकवलेली सुतळी काढून पुन्हा अडकवली.

गाडी तिथून तीस पावलांवर होती. फळीवर चार पांढरे तुकडे मघाशी ठेवले तसेच पडले होते. धाकटीने त्यांच्या शेपट्या बघितल्या होत्या, कापलेली टोकं बघितली नव्हती. त्यांतलं एक कात्रीने कापलेलं असलं तर थोरली खरं बोलत होती. चारही पिंजारलेली असली तर अख्खी निघालेली दोरी एकच होती, निळी, आणि पांढरीची गोष्ट थोरलीने आत्ता, इथे बसल्या बसल्या, मातीत रेघा ओढता ओढता रचली होती. तीस पावलं जाऊन बघितलं की झालं. थोरलीलाही ते माहीत होतं. तीही गाडीकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

धाकटी तशीच उभी राहिली. पायांत चालण्याइतकं बळ होतं. तिला हलकं वाटत नव्हतं, जड वाटत नव्हतं. तिने स्वतःला विचारून बघितलं की जाऊन काय मिळेल. फक्त एवढं जाणवलं की चार महिने तो प्रश्न तिने एकटीनेच कवटाळलेला नव्हता. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, आणखी एक बाई तोच घेऊन छताकडे बघत पडलेली होती. दोघींनी एकमेकींना चहा दिला होता.

रोपवाला आला. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत, म्हणाला, आणि कोथिंबिरीने मान टाकायला सुरुवात केली आहे. तुमचं सासू-सुनेचं जे काय आहे ते सावलीत बसून करा, पण आधी सावली करा.

"करतोय हो," थोरली म्हणाली. "तुमची कोथिंबीर काय एवढी नवसाची आहे?" तिच्या आवाजाला सकाळपासून पहिल्यांदाच धार आली होती. रोपवाला दोन पावलं मागे सरला.

धाकटीने थोरलीच्या हातातून तो निळा तुकडा घेतला. त्यातली गाठ सोडली. तिची नसली तरी तिच्या वळणाची असल्यामुळे ती लगेच सुटली. टोकाची ती जोंधळ्याएवढी गाठ मात्र नखाने निघेना. तिने ती तशीच राहू दिली आणि तुकडा आखूड दोरीला जोडून कठड्यापर्यंत नेला. दुसऱ्या आखूड दोरीलाही त्याच तुकड्यातली उरलेली दोरी कापून जोड दिला. कठड्यावर चढत्या मारल्या, डावीकडून. पहिलीला लटकून बघितलं. दुसरीला लटकून बघितलं. सोडल्या नाहीत. उरलेल्या दोऱ्या दोघींनी वाटून बांधल्या.

पलीकडे थोरलीने खांबाला खांदा दिला होता. धाकटीने हाक दिली, दोघींनी मिळून ओढलं, आणि ताडपत्री दोन हिसके देऊन वर गेली. रोपांवर सावली पडली, थोडी वाकडी, मग दोऱ्या सारख्या केल्यावर सरळ. रोपवाला ट्रे ओढायला धावला. वारा होता, फार नाही. कापडाचं पोट थोडं भरलं आणि बाराही दोऱ्या एकदम ताठ झाल्या, तेव्हा दोघींनी आपापल्या जागी श्वास धरला. कापड बसलं. पुन्हा भरलं, पुन्हा बसलं.

थोरली मागची बाजू सोडून पुढे आली. धाकटीला वाटलं, आता ही एकेक गाठ ओढून बघणार. तिने ओढली नाही. ती सरळ पुढच्या कोपऱ्याखाली, धाकटीच्या चौथ्या दोरीच्या बरोबर आत गेली, एक उलटा ट्रे ओढला आणि त्यावर बसली. पाय दुखतात म्हणाली. रोपवाल्याने सांगितलं की तो ट्रे बसायचा नाही. थोरलीने त्याला सांगितलं की तीही रोज अशा ठिकाणी बसत नाही.

सावकाश परत आला. हातात तीन चहा होते, वाटेत निम्मे सांडलेले. चहा देऊन झाल्यावर त्याने सोमवारची आठवण केली. शाळेच्या मैदानात मोठं काम होतं, दोन ताडपत्र्या, चोवीस दोऱ्या. घरून न्यायला किती जणांसाठी येऊ, गोदामातून आणखी कुणाला घेऊ का, असं त्याने थोरलीला विचारलं. थोरली चहा पीत राहिली. इतका वेळ की सावकाशलाही तो वेळ मोठा वाटला.

धाकटी चौथ्या दोरीपाशी उभी होती, दोरीवर हात ठेवून. कापड हललं की तळहाताला बारीक कंप लागत होता, थांबलं की थांबत होता.

"दोघी," ती म्हणाली. "साडेसहाला ये. आणि येताना मोठी हातोडी घेऊन ये, शाळेची जमीन कडक आहे."

चहा बेचव होता. तिने तो संपवला आणि तिसरी खुंटी जरा तिरकी वाटत होती ती बघायला खाली वाकली.